मानस, माणूस नव्हे

चौथीचा धडा: आपली खाजन शेती.
पुस्तकातलं चित्र बोटाएवढं.
त्यात बांध आहे की साप,
अकरा वर्षं शिकवून मलाच कळलेलं नाही.

रात्री भांडी आवरून शोधायला बसले.
टाइप केलं: मानस.
आधी बर्फातलं सरोवर आलं, मग हंस,
मग आसामातला एक गेंडा,
मग डोळे मिटून बसलेली बाई, कपाळातून उजेड फुटणारी.
वर अदबीने विचारणा:
तुम्हाला 'माणूस' म्हणायचं आहे का?

नाही रे बाबा. मानस.
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं
बांधातलं लाकडी दार.
आमच्या चोडणात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

इंग्रजीतून शोधलं, तेव्हा एक सापडली.
काय सुरेख! फळ्यांवर शेवाळ, तिन्हीसांजेचं पाणी,
आणि पाण्यावर तिरकं, सोळा वेळा,
कंपनीचं नाव.
किंमत डॉलरात.
भाचा म्हणाला, नाव पुसणारं अ‍ॅप आहे, दोन मिनिटांचं काम.
परवाच मी दत्तेशला बाकावर उभा केला होता,
पूर्वलच्या वहीतला नकाशा फाडून
आपल्या वहीत डकवला म्हणून.
नको म्हटलं.

मग 'वापरास मुक्त' अशी खूण करून बघितलं.
मुक्त असतं ते फार दूरचं असतं
किंवा फार जुनं.
हॉलंडचे बांध हवे तेवढे मिळाले.
आणि एक करडा फोटो:
काष्टा मारलेली बाई, गुडघाभर चिखलात, डोक्यावर भारा.
खाली ओळ: गोवा, स्थानिक स्त्री.
फोटो काढणारा वारला त्याला ऐंशी वर्षं झाली,
म्हणून फोटो आता सगळ्यांचा.
हक्कांच्या रकान्यात बाई कुठेच नव्हती.
ती बघते आहे
आपण उशिरा आलेल्या फेरीबोटीकडे बघतो तशी.
मी तो उतरवून घेतला. पुसला. पुन्हा घेतला.
अजून फोनमध्ये आहे.
वर्गात दाखवलेला नाही.

सकाळी वर्गाला म्हटलं, चपला घाला.
एकोणीस मुलं बांधावरून एका रांगेत,
शाळेचा एकुलता टॅब, काच तडकलेला.
कायतानबाब मानशीवर जाळं सारखं करत होता.
फोटो काढू का?
"कोणाचो? म्हजो काय दाराचो?"
दाराचा.
"दार म्हजें न्हय गो बाये, कोमुनिदादीचें.
नुस्तें मात म्हजें, पावणेंत घेतलां."
जाळ्याची गाठ दाताने ओढून म्हणाला,
"उदक तर कोणाचेंच न्हय. काड."

पूर्वलने काढले.
पहिल्या तिनांत तिचंच बोट,
चौथ्यात दत्तेशचा कान,
पाचव्यात मानस.
जराशी वाकडी, अर्धी उघडी,
फटीतून गढूळ पाण्याचा लोट,
आणि कडेला कायतानबाबचा पाय.
पायाचं विचारलं नव्हतं, म्हणून परत गेले.
तो हसला. आसूं दी म्हणाला,
फक्त नखं कापली असती, आधी सांगितलं असतंस तर.

दुपारी फोटो चढवताना प्रश्न आले.
कर्ता कोण?
पूर्वल म्हणाली, मी.
दत्तेश म्हणाला, सावली मी धरली होती.
कोणते हक्क राखून ठेवायचे?
हात वर करून मतं घेतली. अठरा विरुद्ध एक:
कोणीही घ्या, पूर्वलचं नाव लिहा.
तो एक, नाव दत्तेशला द्यायचं होतं:
मानस (माणूस नव्हे).
तेही दिलं.

पंधरा दिवसांनी, भांडी आवरून,
मी पुन्हा टाइप केलं.
सरोवर. हंस. गेंडा.
उजेडवाली बाई.
खाली खाली जात राहिले,
बोट दुखेपर्यंत,
आणि मग एकदम तळाला
न कापलेल्या नखांचा
एक पाय.